शोकेसमधली शॅम्पेन

*"आमच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पुढच्या महिन्यात ५० वर्षं होतायत. घरीच, अठरा मोठी माणसं. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं काही मागितलं: 'ती सिनेमात फस्सकन उडते ना, ती आणा.' धाकट्या दिरानं चार वर्षांपूर्वी विमानतळावरून शॅम्पेन आणली होती, ती शोकेसमध्ये तशीच आहे. ती चालेल का? बाकीच्यांसाठी काय आणू? दुकानात गेले तर प्रोसेको, कावा, ब्रूट असली नावं. मागे गोव्यात कमी गोड असेल म्हणून 'एक्स्ट्रा ड्राय' घेतली, ती गोडच निघाली. दुकानदार म्हणतो, महाग ती चांगली. सासरे म्हणतात, वाइनमध्ये सोडा घातला की झालं, एवढा खर्च कशाला? बेत असा आहे: कोथिंबीर वडी, तळलेलं पापलेट, श्रीखंड-पुरी आणि आल्या आल्या केक कापायचा."*
*— गोंधळलेली सून, डोंबिवली*

प्रिय सूनबाई,

तुमच्या दुकानदारापेक्षा तुमचे सासरे मुद्द्याच्या जास्त जवळ आहेत. बुडबुडे वाइनमध्ये शिरले कसे, हाच यातला खरा प्रश्न. तो सुटला की बाटलीवरची निम्मी नावं आपोआप कळतात आणि किंमतही कळते. म्हणून आधी त्यांचं उत्तर देतो.

सोडा घालून होतं. तशा बाटल्या मिळतात, स्वस्त असतात. साध्या वाइनमध्ये दाबानं वायू भरायचा आणि बूच मारायचं. ग्लासात ओतल्यावर मोठाले बुडबुडे भसाभसा वर येतात आणि टाळ्या संपेपर्यंत सगळं थंडावतं. त्याला चव आपली अशी नसते, मूळ वाइनची असेल तेवढीच.

दुसरी रीत शॅम्पेनची. तिथं वायू बाहेरून येत नाही, बाटलीतच जन्मतो. आधी आंबट, कमी गोडीची द्राक्षं तोडून साधी, बुडबुड्यांशिवायची वाइन करतात. ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालतात, म्हणजे एका बाटलीत चार-साडेचार चमचे साखर. बाटली बंद. इडलीचं पीठ रात्रीतून फुगतं तेच काम आत सुरू होतं, फक्त वायूला बाहेर पडायला वाट नसते. तो वाइनमध्येच विरघळत जातो आणि आतला दाब वातावरणाच्या सहापटीपर्यंत पोचतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. म्हणूनच ती बाटली इतकी जड असते, बूड आत दाबलेलं असतं आणि बुचावर तारेचं मुसकं असतं.

खरी गंमत त्यानंतरची. साखर संपली की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. हा गाळ लगेच काढत नाहीत. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं वाइन त्याच्यावर पडून राहते आणि त्याच्यातून चव घेते. इराणी बेकरीसमोरून सकाळी जाताना ताज्या पावाचा जो वास येतो, त्याच्या जवळचं काहीतरी. चांगल्या शॅम्पेनचे पैसे लोक देतात ते बुडबुड्यांपेक्षा या वासासाठी. साध्या, वर्ष न छापलेल्या शॅम्पेनला कायद्यानं किमान १५ महिने बाटलीत ठेवावं लागतं, त्यातले १२ गाळावर. एकाच सालच्या द्राक्षांची, साल छापलेली असेल तर तीन वर्षं.

मग तो गाळ बाहेर कसा काढायचा? बाटली उघडली तर वायू जाणार. यावर तोड अशी निघाली: तिरक्या लाकडी फळ्यांच्या भोकांत बाटल्या खोचायच्या, रोज थोड्या फिरवायच्या, थोड्या जास्त उलट्या करायच्या, म्हणजे गाळ मानेत उतरतो. हे फळ्यांचं तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या रँस शहरात विधवा क्लिको या बाईंच्या तळघरात घडलं असं मानतात. (बाईंचं वैधव्य आजही त्यांच्या बाटलीच्या नावात आहे. आपल्याकडे कुणी दुकानाला असं नाव देईल का?) आता ते काम बहुतेक ठिकाणी यंत्रं आठवड्याभरात करतात. शेवटी फक्त मान गोठवतात, झाकण काढतात, आतल्या दाबानं गाळाचा बर्फाळ गोळा उडून बाहेर पडतो. रिकामी झालेली जागा वाइन आणि थोड्या साखरेनं भरून वर बूच. सासऱ्यांना सांगा, सोड्याच्या बाटलीला एवढे सोपस्कार नसतात.

तिसरी रीत प्रोसेकोची. दुसऱ्यांदा आंबवणं बाटलीत न करता पोलादाच्या मोठ्या बंद टाकीत करायचं, गाळून दाबाखालीच बाटल्या भरायच्या. इटलीच्या फेदेरिको मार्टिनोत्तीनं १८९५ मध्ये ही कल्पना मांडली, फ्रान्सच्या युजेन शार्मानं १९०७ मध्ये सुधारली. इथं पावाचा वास नसतो. हिरवं सफरचंद, नासपती, फुलं असा ताजा कारभार. ही वाइन खालच्या पायरीची असं कुणी सांगितलं तर फारसं मनावर घेऊ नका. तिचं काम वेगळं आहे. पण ती साठवू नका, ताजेपणा हाच तिचा एकमेव दागिना.

नावांचं लवकर उरकतो. शॅम्पेन म्हणजे फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रदेशातली, मुख्यतः शार्दोने, पिनो न्वार आणि मनिए या तीन द्राक्षांची. बहुतेक देशांत बाकी कुणाला ते नाव लावता येत नाही. क्रेमाँ म्हणजे फ्रान्सच्याच आल्सास, लुआर, बर्गंडी वगैरे भागांतली, त्याच रीतीनं केलेली आणि खिशाला बरीच हलकी. कावा स्पेनची, प्रामुख्यानं कातालोनियातली, १८७२ पासूनची, रीत तीच; साधी किमान ९ महिने गाळावर, 'रिझर्वा' १८ आणि 'ग्रान रिझर्वा' ३०. प्रोसेको ईशान्य इटलीतली, ग्लेरा नावाच्या द्राक्षाची, टाकीतली. तुमच्या दिराला एक निरोप द्या: पुढच्या वेळी विमानतळावर त्याच पैशांत क्रेमाँ किंवा ग्रान रिझर्वा कावाच्या दोन बाटल्या येतात का ते बघ.

आता गोव्यातली फसगत. दोष तुमचा नाही, लेबलाचा आहे. तयार वाइनमध्ये शेवटी किती साखर आहे त्यावरून नाव ठरतं. 'ब्रूट' म्हणजे लिटरला १२ ग्रॅमच्या आत. 'एक्स्ट्रा ब्रूट' सहाच्या आत. 'ब्रूट नेचर' म्हणजे वरून साखर घातलेलीच नाही. आणि 'एक्स्ट्रा ड्राय'? १२ ते १७! म्हणजे ब्रूटपेक्षा जास्त गोड. नुसतं 'ड्राय' किंवा 'सेक' लिहिलं असेल तर १७ ते ३२, 'डेमी-सेक' ३२ ते ५०.

हे असं उलटंपालटं झालं कारण एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन पाकासारखी गोड असायची, रशियाला जाणारी तर विचारू नका. त्या गोडापुढं थोडी कमी गोड ती 'ड्राय', आणखी थोडी कमी ती 'एक्स्ट्रा ड्राय'. मग इंग्रज गिऱ्हाइकांना त्याहून कोरडी हवी झाली. शॅम्पेन करणाऱ्या पॉमरी घराण्याच्या मादाम पॉमरींनी १८७४ सालची ब्रूट बाजारात आणली आणि ती चालली. तोवर 'एक्स्ट्रा ड्राय' हे नाव खर्ची पडलेलं होतं. आपल्याकडे गल्लीला 'नवी पेठ' नाव पडलं की ती दोनशे वर्षं नवीच राहते, तसंच हे.

तुमच्या कामापुरतं एवढं पाठ करा: तळलेल्या खारट पदार्थांबरोबर ब्रूट, नुसती गोडसर हवी असेल तर एक्स्ट्रा ड्राय, गोड पदार्थांबरोबर डेमी-सेक. आणि साखरेचा बाऊ करू नका. ब्रूटच्या एका ग्लासात, म्हणजे १२५ मिलिलिटरमध्ये, जास्तीत जास्त दीड ग्रॅम साखर. सकाळच्या चहात आपण याच्या कितीतरी पट घालतो.

शोकेसमधली बाटली. मला या प्रश्नाची भीती होतीच, कारण अशा बाटल्या मी ठाण्यापासून सोलापूरपर्यंत पाहिल्यात: एका बाजूला नटराज, दुसऱ्या बाजूला कुणाच्यातरी मुलाची ट्रॉफी आणि मध्ये शॅम्पेन. वाइनचे दोन शत्रू, उष्णता आणि उजेड, आणि आपलं शोकेस दोन्ही पुरवतं. वर्ष न छापलेली शॅम्पेन कारखान्यातून निघते तेव्हाच प्यायला तयार असते. थंड अंधाऱ्या तळघरात ती आणखी काही वर्षं काढेल. डोंबिवलीच्या चार मे महिन्यांत काय झालं असेल ते बाटलीच सांगेल. काच गडद हिरवी असेल तर थोडी आशा आहे, पांढरी पारदर्शक असेल तर कमी. उजेड लागलेल्या वाइनला शिजलेल्या कोबीसारखा वास मारतो. उन्हाळा लागलेली रंगानं गडद होते, बुडबुडे मंदावतात, आणि चव सोलून ठेवलेल्या सफरचंदाच्या काळ्या पडलेल्या फोडीसारखी लागते. यातलं काहीही तब्येतीला घातक नसतं, फक्त वाईट लागतं.

पण समारंभातून ती वगळू नका. दिरानं आणलेली आहे, सासूबाईंनी चार वर्षं धूळ पुसलेली आहे. सगळ्यात आधी तीच उघडा, हातात दुसरी बाटली तयार ठेवून. बरी निघाली तर तिचे सहा ग्लास होतात: सासू-सासरे आणि त्यांच्या पिढीतली चार माणसं. बिघडली असेल तर हसून बाजूला ठेवा आणि दुसरी फोडा. लेबल एकदा नीट वाचून घ्या. काही घराणी मागच्या बाजूला गाळ काढल्याची तारीख छापतात, त्यावरून तिचं खरं वय कळेल.

ती दुसरी बाटली कुठली? माझं उत्तर: नाशिक. अभिमानानं नाही, हिशेबानं सांगतोय. बहुतेक परदेशी वाइनवर अनेक वर्षं एकूण १५० टक्के आयातशुल्क राहिलंय, वर राज्याचे कर. म्हणजे इटलीत रोज संध्याकाळी पितात ती साधी प्रोसेको इथं शाही किमतीला बसते, आणि तुम्ही पैसे मोजता ते वाइनचे कमी, प्रवासाचे आणि सरकारचे जास्त. त्याच पैशांत किंवा कमीत बाटलीत आंबवलेली इथली ब्रूट मिळत असेल तर तीच घ्यावी.

हे आपल्याकडे काल सुरू झालेलं नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांच्या इंडेजनं शॅम्पेन प्रदेशातल्या पिपर-हाइडसिक या घराण्याची तांत्रिक मदत घेऊन नारायणगावला बाटलीत आंबवलेली वाइन केली आणि 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशात विकली. तमाशाच्या पंढरीत शॅम्पेनची रीत! आज सुला, यॉर्क, ग्रोव्हर झांपा, अकलूजची फ्रातेल्ली या सगळ्या वाइन कंपन्या ब्रूट करतात, आणि फ्रेंच शाँदोंनं तर दिंडोरीला येऊन वाइनरी काढली. आपली द्राक्षं युरोपच्या उलट्या ऋतूत पिकतात. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळछाटणी, आणि थंडी सरता सरता तोडणी. बुडबुड्यांच्या वाइनला आंबटपणा लागतो, तो थंड रात्री टिकवतात, म्हणून तिच्यासाठीची द्राक्षं लवकर, गोडी पूर्ण चढायच्या आत तोडतात. शेनाँ ब्लाँ नावाचं पांढरं द्राक्ष नाशिकच्या हवेत छान जमलंय.

घेताना लेबलवर दोन गोष्टी बघा: 'ब्रूट' आणि 'ट्रॅडिशनल मेथड', म्हणजे शॅम्पेनच्या रीतीनं बाटलीत आंबवलेली. शिवाय दुकानदाराला उन्हातल्या काचेमागची बाटली देऊ नकोस, आतल्या खोक्यातली दे, म्हणावं. त्याला राग आला तरी चालेल.

अठरा जणांना एकेक ग्लास म्हणजे तीन बाटल्या. काही जण ओठ लावून ठेवतील, काही तिसरा मागतील. दोन्हींची बेरीज साधारण जुळते. शोकेसमधली धरू नका. तिच्याखेरीज, हाताशी थोडी जास्त असावी म्हणून, चार ब्रूट आणि एक डेमी-सेक आणा. ज्यांना ब्रूट आंबट लागेल, आणि आपल्या घरांत असे बरेच निघतात, त्यांना ती द्या. सासूबाई त्यातच असतील असा माझा अंदाज आहे. कुणी रक्तदाबाच्या वा साखरेच्या गोळ्या घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. यात अल्कोहोल साधारण १२ टक्के असतं, आणि बुडबुड्यांमुळे ते जरा लवकर चढतं. सरबतासारखी लागते म्हणून सरबतासारखी पिऊ नये.

आता भांडायचा मुद्दा: केक. आल्या आल्या केक कापून त्याबरोबर ब्रूट फोडायची, हा प्रकार जवळजवळ प्रत्येक घरात होतो आणि जवळजवळ प्रत्येक घरात लोक तोंड वाकडं करतात. "शॅम्पेन म्हणजे हे? ताकापेक्षा आंबट!" अहो, तोंडात आधी आयसिंग गेलेलं असतं. गोडावर कमी गोड वाइन आली की तिची गोडी पार नाहीशी होते आणि नुसता आंबट-कडवटपणा उरतो. पेढा खाऊन चहा पिऊन बघा.

म्हणून क्रम फिरवा. माणसं आली की आधी वाइन, आणि तिच्याबरोबर कोथिंबीर वडी. गरम, वरून कुरकुरीत, मिठाला जराशी चढी. तळणीचा तेलकटपणा आंबट बुडबुडे धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. पापलेटचंही तसंच, रव्यातलं असेल तर सोन्याहून पिवळं. फक्त तिखट हात आखडता ठेवा. मिरचीवर बुडबुडे आणि अल्कोहोल दोन्ही आगीत तेल ओततात. ठेचा ठेवणारच असाल तर तो डेमी-सेकवाल्यांच्या बाजूला ठेवा, गोडी त्याला सांभाळून घेईल. केक त्यानंतर. श्रीखंडाबरोबर मात्र काहीच नको, डेमी-सेकसुद्धा त्याच्यापुढं फिकी पडते. श्रीखंडाला पुरी पुरते.

बाटली उघडणं. सासूबाईंना फस्सकन उडायला हवी आहे, आणि माझी अडचण इथंच आहे. चुलतभावाच्या साखरपुड्यात मी असं एक बूच उडवलं होतं. ट्यूबलाइट गेली, काचा जिलेबीत पडल्या, आणि त्या घरी मला अजून "वाइनवाले" म्हणतात, मायेनं नाही. बूच डोळ्यावर बसलं तर काय होईल ते सांगायला नको. तेव्हा बाटली आधी पुरती गार करा, फ्रिजमध्ये चार तास. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, मूठभर मीठ, वीस-पंचवीस मिनिटं. फ्रीझरमध्ये ठेवू नका. विसरलात तर सकाळी काच वेचावी लागते, हेही मी करून बसलोय. गार वाइन वायू धरून ठेवते. कोमट बाटली निम्मी जमिनीवर जाते.

वरचा कागद काढा. अंगठा बुचावर घट्ट, आणि मग तारेची कडी सहा अर्ध्या वेढ्यांनी सोडवा. या क्षणापासून अंगठा काढायचा नाही. तार बुचावरच राहू द्या, वरून नॅपकिन धरा. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून आणि ट्यूबलाइटपासून दूर. बूच स्थिर धरून बाटली खालून हळूहळू फिरवा. बूच स्वतःच वर यायला बघेल, त्याला उलट दाबून आवरा. शेवटी हलकासा उसासा यायला हवा. सासूबाईंसाठी शेवटच्या बाटलीचं बूच थोडं सैल सोडा, 'फट्' एवढा आवाज येऊ द्या, पण हातातच. दिराच्या हातात मात्र बाटली देऊ नका. तो ती हलवणार.

ग्लास उंच, निमुळते नसले तरी बिघडत नाही. उंच ग्लासात बुडबुडे छान दिसतात, पण वासाला जागा उरत नाही. घरातले साधे वाइनचे ग्लास, अर्ध्याहून कमी भरलेले, बरे. धुताना साबणाचा अंश राहू देऊ नका, फेस बसतो. आणि पंचानं पुसलेत तर चांगलंच. बुडबुड्यांच्या माळा काचेला चिकटलेल्या कापडाच्या बारीक तंतूंपासून सुरू होतात, हे रँसच्याच विद्यापीठातल्या एका भौतिकशास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलंय. अगदी निर्मळ, धूळविरहित काचेत शॅम्पेन मुकी बसते.

उरली तर घट्ट बसणारं झाकण लावून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवसापर्यंत. तोंडात चांदीचा चमचा उलटा ठेवायचा उपाय कुणी सुचवेल. त्यानं काही होत नाही, चमचा तेवढा गार होतो.

आणि ती बाटली शोकेसमधून आजच काढा, महिनाभर वाट बघू नका. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या पिशव्यांमागे आडवी ठेवून द्या. समारंभानंतर धुऊन सासूबाईंना परत करा. पुन्हा नटराजाशेजारी ठेवायची म्हणाल्या तर ठेवू द्या, रिकाम्या बाटलीचं ट्यूबलाइट काही वाकडं करू शकत नाही.